नववा ठोका

आमच्या डायरेक्टर मॅडम परिषदेला निघाल्या की सगळं हॉस्पिटल धास्तावतं. परिषदेहून त्या रिकाम्या हाताने कधी परतत नाहीत. एकदा त्या पिवळा रंग घेऊन आल्या. पिवळ्या भिंतींमुळे म्हणे जखमा लवकर भरतात. मग पंधरा दिवस वॉर्ड रंगवला गेला आणि तेवढे पंधरा दिवस पेशंट रंगाच्या वासाने खोकत होते. पुढच्या खेपेला त्यांनी हास्य आणलं. रोज अकरा ते सव्वाअकरा सगळ्यांनी पलंगावर बसून खळखळून हसायचं. पोटाला टाके घातलेली माणसं खळखळून हसली की काय होतं ते मी सविस्तर सांगत बसत नाही. दोघांना परत ऑपरेशन थिएटरमध्ये आणावं लागलं आणि हास्य गुपचूप बंद झालं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी नाद आणला.

मी थिएटरमधली सिस्टर. हाडांच्या ऑपरेशनला मोठ्या डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची, परत घ्यायची, मोजायची, हे माझं काम. सव्वीस वर्षं तेच करतेय. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. म्हणूनच पुढे जे झालं ते मला सांगायला जड जातंय, कारण जिथे ती जीभ चालायला हवी होती तिथे ती टाळ्याला चिकटली.

नादाची कल्पना मुळात वाईट नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू. पासष्टीच्या पुढच्या पेशंटना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर वीस मिनिटं हेडफोन लावून शांत आवाज ऐकवायचे. पाण्याचे, घंटांचे, कुणीतरी दूर बासरी वाजवतंय असे. त्याने भीती उतरते, दुखणं थोडं कमी वाटतं. मनगट मोडलेली एक म्हातारी तीन दिवस टक्क जागी होती, ती बासरी ऐकता ऐकता घोरायला लागली हे मी या डोळ्यांनी पाहिलं. एवढ्यावर थांबले असते तर मी मॅडमना स्वतः चहा पाजला असता.

पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट साधी राहिली तर कुणाला तरी अपमान वाटतो. म्हणून एक तज्ज्ञ आले. त्यांच्या कार्डावर ‘ध्वनिसंवेदन सल्लागार’ असं छापलेलं होतं. पांढरे सैल कपडे, अनवाणी पाय, आणि आवाज इतका हळू की त्यांचं ऐकायला प्रत्येकाला वाकावं लागायचं. काही लोकांना समोरच्याला वाकवायची ही युक्ती जन्मापासून येते. त्यांच्याकडे काशाचे सात वाडगे होते. लाकडी दांडकीने हलकेच मारलं की वाडगा मिनिटभर घुमत राहायचा. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांचं नाव घंटाबुवा ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पायात चपला घालायला लावल्या आणि तेव्हापासून आमचं जमलं नाही.

घंटाबुवांचा एक फॉर्म होता. नाद ऐकण्याआधी विचारायचं, भीती किती, दहापैकी? दुखतंय किती, दहापैकी? नाद ऐकून झाला की पुन्हा तेच विचारायचं. आणि खाली एक नियम होता: आकडा खाली आला नसेल तर पेशंटला आणखी वीस मिनिटं नाद द्यावा.

म्हातारी माणसं शरीराने थकलेली असतात, डोक्याने नसतात. दुसऱ्या दिवशीच वॉर्डात खबर फिरली. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांनी नव्याने आलेल्या प्रत्येकाला शिकवायचं काम हाती घेतलं. “आधी आठ सांगायचं,” ते म्हणायचे, “नंतर दोन सांगायचं. एक सांगू नका, संशय येतो. तीन सांगितलं तर पुन्हा पाणी ऐकवतात.” पाण्याच्या आवाजाने एका आजीला वीस मिनिटांत चार वेळा बेडपॅन लागला. घंटाबुवांनी तिच्या फॉर्मवर लिहिलं, ‘शरीर मोकळं होत आहे.’ महिनाभरात आमच्या वॉर्डातली सरासरी भीती आठावरून दोनावर आली. मॅडमनी तो आलेख मोठा करून स्वागतकक्षात टांगला.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण दुखण्याची गोळी उशिरा द्यायचं ठरलं तेव्हा माझं डोकं फिरलं. नादाचं श्रेय गोळीला जाऊ नये म्हणून गोळी फॉर्म भरून झाल्यावरच द्यायची, असा कागद निघाला. मी वॉर्डातल्या सिस्टरला सांगितलं, “तू गोळी वेळेवर दे. बुवांनी विचारलं तर सांग, विसरून दिली.” ती बिचारी महिनाभर विसराळू म्हणून बोलणी खात होती.

मग नाद थिएटरमध्ये शिरला. घंटाबुवांच्या मते पेशंटला नुसते हेडफोन पुरत नाहीत, डॉक्टर आणि सिस्टर यांच्या अंगातला ताण हवेतून पेशंटपर्यंत पोचतो. म्हणून आमचाही ताण काढायला हवा. थिएटरच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर लागले. दारावर पाटी लागली: ‘नादमौन. उपचाराला आवश्यक शब्दच बोलावेत.’ पहिल्याच आठवड्यात मी “लाइट डावीकडे घे, किती वेळा सांगू?” असं ओरडले म्हणून मला लेखी मेमो मिळाला. त्यात ‘कर्कश स्वर’ असे शब्द होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षांत मला मिळालेला तो पहिला मेमो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती बाहेरच्यांना माहीत नसते. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा एक दांडा बसवतात. सिमेंट न लावता, नुसता ठोकून. तो घट्ट बसायला हवा, आणि तो कधी बसला हे डोळ्यांना दिसत नाही. ते कानांना कळतं. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा जरा चढा वाजतो. दोन ठोके सारखे वाजले की दांडा बसला, हात थांबवायचा. त्यानंतर मारलेला ठोका हाड फाडतो. आमचे मोठे डॉक्टर ठोकायला लागले की थिएटरमध्ये कुणी शिंकतसुद्धा नसे. मी हातातला चिमटा ट्रेमध्ये न ठेवता तसाच धरून उभी राहायची. ते कान लावून ऐकायचे, मीही ऐकायची आणि मनात ठोके मोजायची. ही आमची शांतता होती, आणि तिला कधी पाटी लागली नव्हती.

स्पीकर लागले तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. “डॉक्टर, ठोकताना हे बंद ठेवायला सांगा.”

“बघू,” ते म्हणाले. “फार मोठा नाहीये ना आवाज?”

“मोठा नाही, पण आहे.”

“बघू या.” आणि ते हात धुवायला गेले. नादाच्या शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं होतं. माणूस वाईट नाही. हाताला त्यांच्याइतकी सफाई मी दुसऱ्या कुणाच्या पाहिलेली नाही. फक्त त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही हे त्यांना सभ्यपणा वाटतं.

अशात सुतारकाका आले.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, हाताची बोटं जाडजूड आणि एका अंगठ्याला नख नाही. आयुष्यभर खुर्च्या बनवल्या. उजवा खुबा पार झिजला होता, दोन वर्षं काठी घेऊन चालत होते. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी माझी यादी घेऊन वॉर्डात गेले. पेशंटला आधी भेटून यायची माझी जुनी सवय आहे. मी म्हटलं, “कसे आहात आजोबा?”

“आजोबा म्हणू नका. तुमच्याएवढी माझी मुलगी आहे.”

मुलगी शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिने कपाळाला हात लावला. “बाबा, अहो, त्या सिस्टर आहेत.”

“मग काय झालं? सिस्टरला काका म्हणता येत नाही?”

मी काका म्हणायला लागले. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, “हातोडी कसली असते? लाकडी का लोखंडी?”

“लोखंडी.”

“वजन किती? आणि ठोकतं कोण, डॉक्टर स्वतः का कुणी शिकाऊ?”

मी सगळं सांगितलं. दांडा कसा असतो, पोकळी कशी कोरतात, डॉक्टर आवाजावर कसे थांबतात. काका जिवाचा कान करून ऐकत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं.

“म्हणजे आमचंच काम की,” ते म्हणाले. “खुर्चीचा पाय असाच बसवतात. मी पोरांना सांगायचो, डोळे मिटून ठोका. दोन ठोके सारखे वाजले की हातोडी खाली ठेवा. त्यापुढचा ठोका लाकडाला नसतो, तो आपल्या हौसेसाठी असतो.” मग जरा थांबून म्हणाले, “भूल कमरेखालीच देणार ना? मी जागा असेन ना?”

“असाल.”

“मग झालं. मी ऐकत पडेन. ऐकू येत असलं की मला भीती वाटणार नाही.”

नेमके तेव्हाच घंटाबुवा फॉर्म आणि हेडफोन घेऊन आले. काकांनी हेडफोन हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि परत दिले. “हे नको. मला ठोकण्याचा आवाज ऐकायचाय.”

घंटाबुवा, समोरच्याने वाकावं म्हणून, अजून हळू बोलले. “तो हिंसेचा ध्वनी आहे. तो आपण ऐकायचा नाही.”

“चाळीस वर्षं मी तोच ऐकला,” काका म्हणाले. “त्यावर चार माणसांचं घर चाललं.”

बुवांनी फॉर्मवर लिहिलं, भीती आठ. काकांनी काही सांगितलंच नव्हतं. मुलगी हात जोडायला आली. “बाबा, ऐका ना त्यांचं. मॅडम म्हणाल्यात, उद्या कॅमेरावाले येणार आहेत. तुमचंच ऑपरेशन निवडलंय त्यांनी. कशाला हट्ट करता? नाहीतर तारीख पुढे जाईल.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत खरी भीती होती. ऑपरेशनची नव्हती. आपल्या अंगावर काम चाललेलं असताना आपल्याला कळणारच नाही, याची होती. मला ती चांगली समजली. तारीख पुढे गेली तर आणखी तीन महिने त्यांना काठीवर लटकावं लागणार होतं, तेही मला माहीत होतं.

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही ते कानाला लावून पडा. मी आहे ना तिथे. सव्वीस वर्षं मी तो आवाज ऐकतेय. तुमच्या वतीने मी ऐकते. दोन ठोके सारखे वाजले की मी डॉक्टरांना सांगेन.”

“नक्की?”

“नक्की.”

“डॉक्टरांना थांबा म्हणाल? तुमची हिंमत होईल?”

मुलगी हसली. मीही हसले. “काका, मला इथे सगळे घाबरतात.”

मग त्यांनी हेडफोन घातले. खांदे सैल सोडले, डोळे मिटले. वीस मिनिटांनी बुवांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आता नाही वाटत काही.” बुवांनी दोन लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, घंटेची ताकद.  हेडफोनची वायर मशीनला लावलेलीच नव्हती, हे मी ते गेल्यावर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये आम्ही नेहमीपेक्षा तिघे जास्त होतो. एक कॅमेरावाला, एक त्याचा दिवा धरणारा, आणि हिरव्या कपड्यांत घंटाबुवा. आज नुसते स्पीकर नव्हते. मॅडमच्या खास आग्रहावरून बुवा एक वाडगा प्रत्यक्ष वाजवणार होते. वाडगा निर्जंतुक करून घ्या म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. त्याचा नाद उकळत्या पाण्याने बिघडतो म्हणाले. मी म्हटलं, मग वाडगा बाहेर राहील. शेवटी त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून वाजवायचा असं ठरलं. मॅडम काचेपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला अंगठा दाखवला.

काका हेडफोन लावून पडले होते. आज वायर नीट लावली होती. त्यांच्या छातीशी आडव्या लावलेल्या पडद्याच्या या बाजूने मला त्यांचा हात दिसत होता, नख नसलेला अंगठा वर. मी त्या हाताला एकदा हात लावला आणि मग हात धुऊन हातमोजे घातले.

सगळं सुरळीत चाललं होतं. झिजलेला भाग काढला, पोकळी कोरली, लहान कानस, मोठी कानस. मग डॉक्टरांनी हात पुढे केला आणि मी दांडा दिला. मग हातोडी दिली.

पहिला ठोका. दुसरा. तिसरा जरा चढा. चौथा आणखी चढा. हाड चांगलं टणक होतं, आवाज खणखणीत येत होता. पाचव्याला कॅमेरावाल्याने बुवांना खूण केली, हातोडी आणि वाडगा एकाच चौकटीत त्याला हवे असावेत. सहाव्या ठोक्याला बुवांनी वाडग्यावर दांडकी मारली.

तो नाद घुमायला लागला आणि थांबेना. स्पीकरमधून पाणी, कोपऱ्यातून वाडगा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी हातोडी. सातवा ठोका पडला. मी कान तिथेच रोवून ठेवले होते. आठवा ठोका पडला. सातवा आणि आठवा सारखेच वाजले. मला ऐकू आलं. दांडा बसला होता.

डॉक्टरांनी मान तिरकी केली. त्यांना कळत नव्हतं, हे मला दिसलं. ते वाडग्याचा आवाज विरायची वाट पाहत होते, आणि बुवांनी त्यांना थांबलेलं पाहून आणखी एकदा दांडकी मारली. डॉक्टरांनी काचेकडे एक नजर टाकली. हातोडी वर गेली.

मला फक्त ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. त्या एका शब्दाला पाटीनेसुद्धा हरकत घेतली नसती, उपचाराला त्याहून आवश्यक शब्द कुठला? पण कॅमेऱ्याचा लाल दिवा माझ्या तोंडासमोर होता. मला मेमोतले ‘कर्कश स्वर’ हे शब्द आठवले. वाटलं, मोठे डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल. वाटलं, या गोंगाटात माझीच चूक झाली असेल. एवढं सगळं वाटायला क्षण लागतो, आणि हातोडी खाली यायलाही क्षणच लागतो. मी मूग गिळून उभी राहिले.

नववा ठोका बद्द वाजला. तो सगळ्यांना ऐकू आला.

“बंद करा ते!” डॉक्टर ओरडले. सव्वीस वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. बुवांनी वाडगा छातीशी धरला. हाड वरून चार बोटं उभं फाटलं होतं. मग दांडा काढला, हाडाभोवती तारा आवळल्या, लांब दांडा मागवला, पुन्हा बसवला. दीड तासाचं काम साडेतीन तासांवर गेलं. या वेळी थिएटरमध्ये ठोक्यांशिवाय कसलाही आवाज नव्हता आणि ठोके अचूक पडले. काका पडद्यापलीकडे हेडफोनमधलं पाणी ऐकत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. हाड ठिसूळ होतं, असं ठरलं. कुणी ठरवलं असं विचाराल तर नाव सांगता येणार नाही. एकाने ‘वयोमानानुसार’ म्हटलं, दुसऱ्याने मान हलवली, तिसऱ्याने लिहून घेतलं. डॉक्टर टेबलाकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या की या केसची चांगली बाजूही पाहायला हवी: एवढी गुंतागुंत होऊनही पेशंटची नाडी शेवटपर्यंत शांत होती. भीती आठावरून दोनावर, आणि दोनावरच राहिली. परिषदेत हीच केस मांडायची. घंटाबुवा हळू आवाजात म्हणाले, “नादाने त्यांना सांभाळलं.” सगळे त्यांचं ऐकायला वाकले. कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी सही केली. तेही माझ्याच हाताने झालं.

दोन दिवस मी वॉर्डाकडे फिरकले नाही. काम आहे म्हणून सांगत होते, आणि काम शोधून काढत होते. हत्यारांचं कपाट दोनदा लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले.

काका उशीला टेकून बसले होते. पाय उंचावर ठेवलेला, सहा आठवडे जमिनीला टेकवायचा नाही. मुलगी त्यांना रागावत होती. “लहानपणापासून सांगते, म्हणजे माझ्या लहानपणापासून, दूध प्या, दूध प्या. कधी ऐकलं नाही. आता बघा, हाडं भुगा झाली. डॉक्टर तरी काय करणार?”

“हो ग बाई,” काका म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो खाली गेला होता. मला पाहून ते सरळ बसायला धडपडले. “या. तुमचीच वाट बघत होतो. डॉक्टर सकाळी येऊन गेले, त्यांची मी माफी मागितली.”

“माफी? कशाबद्दल?”

“एवढा मोठा माणूस, माझ्या हाडापायी साडेतीन तास ताटकळला. हाडच खराब निघालं, त्याला ते काय करणार?” त्यांनी चादरीची कड बोटांनी सारखी केली. “मला त्याचंच वाईट वाटतंय. माझ्याकडे कुणी खुर्ची मोडली आणि लाकूड खराब होतं म्हणाला, की मी त्याला त्या दिवशी घरी पाठवायचो. म्हणायचो, लाकडाला नावं ठेवू नकोस, आपला हात तपास. चाळीस वर्षं. आणि आता माझंच लाकूड कुजकं निघालं.” ते हसायला गेले आणि जमलं नाही.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“ते काय बोलणार? चांगला माणूस आहे. असू दे, म्हणाले.”

 मी मुलीला म्हटलं, “ताई, जरा खाली जाऊन चहा पिऊन येता का?” तिने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पिशवी उचलून गेली. मी तिच्या स्टुलावर बसले. मला लाज वाटत होती, आणि ती माझ्या तोंडावर दिसत असणार.

“काका, हाड खराब नव्हतं.”

चादरीच्या कडेवरची त्यांची बोटं थांबली.

“टणक होतं. खणखणीत वाजत होतं. तिथे घंटा वाजत होत्या, स्पीकर चालू होते. डॉक्टरांना शेवटचा आवाज नीट ऐकू आला नाही. एक ठोका जास्त पडला.”

“कितवा?”

“नववा.”

“म्हणजे आठव्याला बसला होता.”

“हो.”

“सातवा आणि आठवा सारखे वाजले?”

“अगदी सारखे.”

काकांनी डोळे मिटले.  चेहरा सैल झाला, खांदे खाली आले, दोन दिवस धरून ठेवलेला श्वास सुटावा तसे. “म्हणजे हाड चांगलं होतं,” ते म्हणाले.

“चांगलं होतं, काका.”

“अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खणखणीत. बघा.” आता त्यांना खरंच हसू आलं. मला वाटलं, चला, बोलून टाकलं, एवढं तरी बरं केलं. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

“त्या घंटेवाल्याला मी काही बोलणार नाही,” ते म्हणाले. “त्याला त्यातलं काय कळतंय? आणि डॉक्टरांना ऐकू आलं नाही, तर त्यांना तरी काय बोलू? ऐकू फक्त तुम्हाला आलं होतं, बाई.”

“हो,” मी म्हणाले.